लांडगो खंय रवता, बाई?

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई मूळच्या सोलापूरकडच्या, गेली तीन वर्षं सिंधुदुर्गातल्या एका लहानशा गावात प्राथमिक शाळेवर शिकवतायत. शाळा चौथीपर्यंत, मुलं बावीस. वर्गात त्यांनी तीन डुकरांची गोष्ट सांगितली, तीच ती, गवताचं घर, काटक्यांचं घर, विटांचं घर आणि फुंकर मारून घरं पाडणारा लांडगा. मध्येच एका मुलीने विचारलं, "बाई, लांडगो खंय रवता?" (लांडगा कुठे राहतो?) आणि मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, "ह्यो कोलोच मा?" (हा कोल्हाच ना?) तेव्हा बाईंनी ठरवलं की गोष्ट इथल्या प्राण्यांची करायची. डुकरांच्या जागी शेकरू, खवलेमांजर आणि साळिंदर, लांडग्याच्या जागी बिबट्या, विटांच्या जागी चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे. मुलं खूश झाली आणि हेच नाटुकलं स्नेहसंमेलनात करायचं ठरलं. पण मग एका मुलाची आई येऊन सांगून गेली की पोरगा तिन्हीसांज झाली की पडवीतसुद्धा जात नाही, वाघ (म्हणजे बिबट्याच) येईल म्हणतो. शाळा समितीतले एक गृहस्थ म्हणाले की जगप्रसिद्ध गोष्ट आहे ती, मोडतोड कशाला करताय. सोबतचे शिक्षकही म्हणाले, पुस्तकात आहे तसंच बसवा, उगाच व्याप नको. बाई विचारतात: मी चुकले का? संमेलन महिन्यावर आलंय, परत डुकरं आणि लांडगा आणू की आहे हेच पुढे नेऊ? शेवटी एक टीप पण आहे, की स्टेजवर ‘बिबट्या’ म्हणायचं की ‘वाघ’?

प्रिय बाई,

सगळं गाव तुम्हाला बाई म्हणतं, तर मी पण तसंच म्हणते. तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा त्या मुलीच्या प्रश्नाशी येऊन थांबले. लांडगो खंय रवता. तुम्ही तो प्रश्न ऐकलात आणि तुम्हाला वाटलं की मुलांना लांडगा कळत नाहीये म्हणजे लांडगा काढायला हवा. मला असं विचारायचंय की ती मुलगी ‘लांडगा नको’ म्हणाली होती का? ती ‘कुठे राहतो’ एवढंच विचारत होती, आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्या वर्गात फक्त तुमच्याकडे होतं. पण ह्यावर मी नंतर येते, आधी त्या ‘मोडतोड’ शब्दाचं बघू, कारण तुमच्या मनाला तो लागलेला दिसतोय.

मूळ गोष्ट म्हणतात ती नेमकी कुठली हो? तीन डुकरांची गोष्ट आज आपण ज्या रूपात सांगतो ते रूप जोसेफ जेकब्स यांच्या १८९०च्या इंग्रजी लोककथांच्या संग्रहामुळे पक्कं झालं. पण त्याच्याही आधी, १८५३ साली, इंग्लंडातल्याच डार्टमूर भागातली हीच गोष्ट छापली गेली होती आणि तिच्यात डुकरंही नव्हती नि लांडगाही नव्हता, तिथे तीन पिक्सी होत्या म्हणजे आपल्याकडच्या पऱ्या-वेताळांच्या मधलं काहीतरी चिमुकलं, आणि त्यांच्या मागे लागलेला होता कोल्हा! म्हणजे तुमच्या मागच्या बाकावरचा तो मुलगा ‘ह्यो कोलोच मा’ म्हणाला तो नकळत सगळ्यात जुन्या छापील गोष्टीच्या बाजूने बोलला. समितीतल्या गृहस्थांना हे जरूर सांगा, पण भांडणाच्या सुरात नको, मजा म्हणून सांगा, कारण माझा अनुभव असा की ‘जगप्रसिद्ध’ गोष्टीचा अभिमान असणारी माणसं मुळात गोष्टीवर प्रेम करणारीच असतात आणि अशी माहिती मिळाली की त्यांना आवडते.

आणि आपल्या गोष्टी तर किती फिरल्यात. पंचतंत्रातली ती बाळाला सापापासून वाचवणाऱ्या मुंगसाची गोष्ट, आई येते, रक्ताने भरलेलं तोंड बघते आणि त्यालाच मारते, तशीच्या तशी गोष्ट वेल्समध्ये सांगतात, तिथे मुंगसाचा झालाय शिकारी कुत्रा आणि सापाचा झालाय लांडगा. कुणी त्याला मोडतोड म्हटलं नाही. तिथे घराघरात मुंगूस नव्हतं, कुत्रा होता, म्हणून कुत्रा आला. तेव्हा प्राणी बदलले हा काही तुमचा गुन्हा नाही, ते टेन्शन आधी डोक्यातून काढा.

पण एक आहे. वेल्सच्या त्या गोष्टीत मुंगूस जाऊन कुत्रा आला तेव्हा कुत्रा कुत्र्यासारखाच वागला. नुसतं नाव बदललं असतं तर ती गोष्ट टिकली नसती. तुमच्या गोष्टीत मला अडचण दिसते ती इथे. साळिंदर घर बांधत नाही, बिळात राहतं. खवलेमांजर पण बिळातच, शिवाय बिचाऱ्याला दातसुद्धा नाहीत, वारूळ फोडून मुंग्या-वाळवी चाटून खातं, संकट आलं की अंगाचा गोळा करतं आणि खवल्यांच्या आत गप्प बसतं. त्याला चिऱ्याचं घर कशाला हवं, ते स्वतःच चिरेबंदी आहे! तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की तालमीत एक मुलगी म्हणाली, "बाई, साळ घर बांधणा नाय, ती बिळात रवता," आणि तुम्ही तिला म्हणालात की गोष्टीत चालतं. चालतं हो, गोष्टीत डुक्कर विटा रचतं ते चालतंच ना. पण लांब देशातल्या डुकराने विटा रचल्या तर मुलं मान्य करतात आणि ज्या साळीचे काटे त्यांनी काजूच्या बागेतून गोळा करून दप्तरात ठेवलेत तिने घर बांधलं तर ती हटकतात. हा हट्टीपणा नाहीये, हे त्यांचं ज्ञान आहे, आणि वर्गात पहिल्यांदाच असं झालं असेल की बाईंपेक्षा त्यांना जास्त माहितीय. तिथे ‘चालतं’ म्हणून पुढे जाऊ नका. तिथे थांबा आणि विचारा, मग कोण बांधतं घर?

विचारलंत की बघा काय काय निघतं. सुगरण निघेल, गवताचं घर विणणारी, विहिरीवर ओणवलेल्या फांदीला लोंबकळणारी घरटी सगळ्या मुलांनी पाहिलेली असतात (नाव सुगरण पण विणतो तो नर, हे सांगितलं की वर्गात खसखस पिकते). शेकरू निघेल, ते तुमच्याकडे आहेच, उंच झाडाच्या बेचक्यात काटक्या आणि पानांचं मोठं घरटं करतं, तेही एक करून थांबत नाही, चार-पाच करून ठेवतं. आणि धनेश निघेल. धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आपल्याच विष्ठेने आणि चिखलाने लिंपून आतून बंद करून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि आठवडेच्या आठवडे नर त्या फटीतून तिला फळं भरवत राहतो. काहीही झालं तरी दार उघडत नाही ती. तीन डुकरांच्या गोष्टीचा सगळा जीव ह्या दार न उघडण्यातच आहे ना, मग आपल्या देवराईतल्या झाडावर हे रोज घडत असताना आपल्याला खवलेमांजराच्या हातात चिरा कशाला द्यायला लागतो? गवताचं घर, काटक्यांचं घर, लिंपलेलं घर, तिन्ही तयार आहेत आणि तिन्ही खरी आहेत.

अजून एक गंमत सांगते, जी मला स्वतःला कळली तेव्हा मी बराच वेळ तोच विचार करत बसले होते. तुम्ही डुक्कर काढलंत कारण ते परकं वाटलं. पण रानडुकराची मादी पिल्लं व्हायच्या वेळी रानात गवत आणि फांद्या ओढून आणून चक्क घरटं करते आणि त्यात पिल्लं देते, अंगावर पट्टे असलेली ती छोटी छोटी पिल्लं. म्हणजे गवताचं घर बांधणारा प्राणी शोधायचा तर कोकणात सुगरणीच्या जोडीला रानडुक्करच आहे! आता तुमच्या गावात रानडुकराला हिरो करणं सोपं नाही हे मला कळतं, रात्रभर भात तुडवून गेलेली शेतं मी पण पाहिलीत, आणि तुमच्याच वर्गातला कुणी सांगेल, "डुकर आमचा भात खातत, वाघान खाल्ल्यान तर बराच झाला." हे वाक्य आलं तर ते घालवू नका. नाटकात घ्या. गोष्टीत शेतकरी पण येऊ दे आणि त्याचं म्हणणं पण येऊ दे.

आता घरांचं. हा मुद्दा तुमच्या पत्रात नाही, तरी मला बोलायलाच हवं. तुमच्या संहितेत पहिले दोघं ‘आळशी’ आहेत, तुम्ही तसा शब्दच लिहिलाय. झावळ्यांचं घर बांधणारा आळशी, कुडाचं घर बांधणारा जरा कमी आळशी आणि चिऱ्याचं बांधणारा कष्टाळू. बाई, तुमच्या बावीस मुलांमध्ये कुडाच्या घरात राहणारं एखादं असेल. मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात राहणारं असेल. चिरेखाणीवर कामाला आलेल्यांची मुलं असतील, ज्यांचे आई-बाप दिवसभर चिरे काढतात आणि स्वतः पत्र्याच्या खोपीत झोपतात. त्या मुलाने स्टेजखाली बसून काय ऐकायचं? आणि गंमत म्हणजे १८९०च्या त्या गोष्टीत आळस कुठेच नाही. तिथे म्हातारी डुकरीण गरीब आहे, पिल्लांना पोसायला तिच्याकडे काही नाही म्हणून ती त्यांना घराबाहेर पाठवते. पहिल्याला वाटेत पेंढ्याचा भारा घेतलेला माणूस भेटतो, दुसऱ्याला काटेरी झुडपांचा भारा घेतलेला, तिसऱ्याला विटा घेतलेला. ज्याला जे मिळालं त्याने ते बांधलं. एवढंच. पहिले दोघं बासरी आणि फिडल वाजवत नाचणारे उनाड झाले ते १९३३च्या डिस्नेच्या कार्टूनमध्ये, आणि तेच आपल्या डोक्यात बसलंय.

शिवाय आपल्याकडे नुसतं एकदा चिऱ्याचं घर बांधलं की झालं असं कुठे असतं. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, वारा-ऊन खाऊन मग घट्ट होतो, म्हणजे त्याला पण वेळ द्यावा लागतो. आणि दरवर्षी मे महिन्यात छपराची शाकारणी आलीच, नळे म्हणजे कौलं उतरवा, फुटके बाजूला काढा, वासे बघा, परत चढवा, आणि हे काम एकट्याने होत नाही, वाडीतले चार जण येतात, मग त्यांच्याकडे आपण जायचं. तुमच्या नाटुकल्यात ही शाकारणी आली तर किती छान होईल, दोन मुलं नळे वर देतायत, एक घेतोय, एक ओरडतोय की अरे सांभाळून! हे मुलांना शिकवावं लागणार नाही, घरोघरी पाहिलंय त्यांनी.

आता लांडगा. लांडगा गोष्टीत दोन कामं करतो, एक म्हणजे खायला येतो आणि दुसरं म्हणजे फुंकर मारून घर पाडतो. तुम्ही दोन्ही कामं बिबट्याला दिलीत. बिबट्या खाईल, पण फुंकेल कसा? मला खात्री आहे की कुणीतरी म्हणालं असेल, वाघ फुकणा नाय बाई. घर पाडायचं काम कोकणात कोण करतं हे विचारा ना मुलांना, एका सुरात उत्तर येईल: वारा. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ येऊन गेलं तेव्हा तुमची ही मुलं अगदी लहान असतील, पण घरात त्यांनी ते शंभरदा ऐकलंय, कुणाचे पत्रे कुठल्या माडात अडकले, कुणाचा आंबा गोठ्यावर पडला, किती दिवस वीज नव्हती. ह्या मुलांसाठी ‘फू फू’ करणारा खलनायक तोंडाने फुंकर मारत नाही, तो समुद्रावरून येतो आणि त्याला नाव असतं. पाच-सहा मुलं हातात झावळ्या घेऊन एकदम घोंघावत स्टेजवर आली की वारा झाला, पोशाखाचा खर्च पण नाही. आणि वाऱ्यापुढे चिऱ्याच्या घराचे सुद्धा नळे उडतात हे पण त्यांना माहितीय. मग ते घर कसं उभं राहतं ते त्यांनाच ठरवू द्या.

खायला येणाऱ्याचं काय ते मात्र जरा सावकाश बघायला हवं, कारण तुमच्या त्या घाबरलेल्या मुलाचा प्रश्न इथेच आहे.

मी सहावी-सातवीत असताना आमच्या खळ्यातला कुत्रा बिबट्याने नेला. ओरडण्याचा आवाजसुद्धा आला नाही. सकाळी साखळी तेवढी होती, पट्टा तुटलेला, आणि आजीने आदल्या संध्याकाळी खळं शेणाने सारवलं होतं ते अजून नीट सुकलं नव्हतं, तर त्या ओल्या सारवणात पंज्याचा एक ठसा उमटलेला, बशीएवढा, चार बोटं आणि मधली गादी, नखांची खूणच नाही. आजीने त्याच्यावर टोपली उपडी घातली, कोंबड्यांनी विस्कटू नये म्हणून, आणि दिवसभर येईल त्याला ती टोपली उचलून दाखवत होती. मला आठवतं की भीती वाटली, पण त्या ठशाकडे बघत राहावंसं पण वाटलं. पुढे कितीतरी रात्री मी पडवीतल्या बाजेवर झोपले नाही, आत माजघरात आजीला चिकटून झोपले. कुणी मला गोष्ट सांगितली नव्हती.

म्हणून म्हणते, तुमच्या त्या मुलाला गोष्टीने घाबरवलं असं लगेच मनाला लावून घेऊ नका. आईला शांतपणे विचारा की एवढ्यात वाडीत वाघ फिरतोय का, कुणाचं वासरू-कुत्रं गेलं का. बहुतेक काहीतरी निघेल. गोष्टीने फक्त त्याच्या आधीच्या भीतीला चेहरा दिला. आणि ती भीती अगदी खोटी नाही, त्यामुळे ‘काही नसतं रे’ असं त्याला म्हणू नका, असतं हे त्याला माहितीय. त्याला काय करायचं ते सांगा: काळोख पडल्यावर एकट्याने बाहेर जायचं नाही, मोठं माणूस बरोबर घ्यायचं, बॅटरी न्यायची, मोठ्याने बोलत नाहीतर गाणं म्हणत जायचं, कारण वाघ शक्यतो माणसाला टाळतोच. हातात करण्यासारखं काही दिलं की मूल सावरतं.

पण बिबट्याला लांडग्याच्या जागी बसवण्याबद्दल माझा आक्षेप आहे, आणि तो भीतीमुळे नाही. इंग्लंडात ही गोष्ट छापली गेली तेव्हा तिथे लांडगा उरलाच नव्हता, चारएकशे वर्षांपूर्वीच संपवला होता त्यांनी. त्यामुळे गोष्टीत त्याला उकळत्या हंड्यात टाकलं काय आणि त्या १८९०च्या गोष्टीतल्यासारखं डुकराने त्याला शिजवून खाल्लं काय, रानातल्या कुठल्या लांडग्याला त्याचा त्रास होणार नव्हता. आपला बिबट्या जिवंत आहे. गडग्यापलीकडे आहे. रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत कंबरेत अडकून तो तडफडतो तेव्हा बघायला गाव जमतो, आणि त्या गर्दीत तुमची बावीस मुलं पण असतात. अशा प्राण्याला स्टेजवर हंड्यात पडताना दाखवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तर त्या टाळ्या मुलं घरी घेऊन जाणार. तुमच्या संहितेत शेवटी बिबट्या चुलीवरच्या हंड्यात पडतो असं आहे, तेवढं तरी कृपा करून बदला.

आणि बदलायला आपल्याकडे तयार शेवट आहे, असा शेवट जो इंग्लंडात कुणाला सुचलाच नसता. बिबट्या विहिरीत पडतो! कोंबडी-कुत्र्याच्या मागे धावताना काळोखात कठडा नसलेल्या विहिरीत पडतो, सकाळी पाणी आणायला गेलेल्या बाईला गुरगुर ऐकू येते, मग वनखात्याला फोन जातो (१९२६ हा नंबर मुलांना पाठ करवून घ्या, संमेलनाला आलेल्या पालकांना पण होईल), माणसं येतात, दोरांनी पिंजरा आत सोडतात, तो बिचकत बिचकत पिंजऱ्यात शिरतो, वर खेचतात. हे तुमच्या मुलांनी मोबाईलवर पाहिलेलं असतं, काहींनी प्रत्यक्ष पण. आता तिघा भावंडांना ठरवायला लावा, त्यांच्या घराभोवती रात्रभर फिरणारा हा शत्रू विहिरीत पडलाय, ओरडतोय, फोन करायचा की नाही? पाच मिनिटं वाद होऊ दे त्यांच्यात. मला वाटतं नाटुकल्यातला सगळ्यात जिवंत भाग तो होईल, आणि संवाद तुम्ही लिहू नका, मुलांना बोलू द्या आणि त्यातले टिपून घ्या.

त्या घाबरलेल्या मुलाला, त्याची आणि आईची तयारी असेल तरच, बिबट्याचं काम देऊन बघा. तुमच्याकडे दशावतार होतोच. त्यातला काळा राक्षस, संकासुर, येतो तेव्हा पुढे बसलेली पोरं किंचाळतात, आईच्या पदरात तोंड लपवतात आणि दुसऱ्या दिवशी खळ्यात काळं फडकं डोक्यावर घेऊन स्वतःच संकासुर होऊन धावतात. मुखवटा आतून कसा दिसतो हे एकदा कळलं की बाहेरून तो तेवढा मोठा वाटत नाही. नको म्हणाला तर मात्र अजिबात जबरदस्ती नको, त्याला विहिरीत पिंजरा सोडणाऱ्यांमध्ये घ्या, ते काम पण मोठंच आहे.

आणि आता तुमचा लांडगा. बाई, तुम्ही सोलापूरकडच्या. नान्नजचं ते माळरान, जिथे १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, तिथे लांडगे आहेत. तुम्ही पत्रात एका ओळीत लिहिलंय की तुमच्या मामाच्या मेंढरांमागे लांडगा लागायचा आणि लहानपणी तुम्ही एकदा त्याला भर दुपारी वाटेवरून निवांत चालत जाताना पाहिलंय. ही एक ओळ लिहून तुम्ही पुढे निघून गेलात! त्या मुलीने विचारलं लांडगो खंय रवता, तर तिला हेच हवं होतं. माळ कसा असतो, जिथे बघाल तिथे नुसतं पिवळं गवत, माड नाही, डोंगर नाही, लांबवर धनगराची मेंढरं, आणि लांडगा रानात लपत नाही तर उघड्यावर लांब उभा राहून बघतो. सह्याद्रीच्या ह्या बाजूच्या मुलाने माळरान बघितलेलंच नसतं, त्याच्यासाठी ते परीकथेइतकंच दूर आहे. तुम्हाला वाटलं असेल की इथे शिकवायचं तर आपण इथलं व्हायला हवं, आपलं तिकडचं मागे ठेवायला हवं. बदली झालेल्या कितीतरी शिक्षकांना असं वाटतं, आणि मुलांचं त्यात नुकसान होतं असं मला मनापासून वाटतं. मूल आपल्या अंगणाची गोष्ट जितक्या आवडीने ऐकतं तितक्याच आवडीने न पाहिलेल्या जागेची ऐकतं, फक्त सांगणाऱ्याने ती पाहिलेली असली पाहिजे.

तेव्हा ‘परत मूळ आणू की बदललेली ठेवू’ ह्यातलं एक निवडायला जाऊ नका. वर्गात आधी लांडग्याची गोष्ट लांडग्यासकट सांगा, तुमच्या माळावरची करून सांगा, नकाशात सोलापूर दाखवा. आणि संमेलनात मुलांची गोष्ट होऊ दे, पूर्ण त्यांची, घरं त्यांची, वारा त्यांचा, विहीर त्यांची. कार्यक्रमपत्रिकेवर ‘एका इंग्रजी लोककथेवर आधारित’ असं छापलं की समितीच्या गृहस्थांचा आक्षेप पण बराचसा संपतो. स्पर्धेला वगैरे पाठवणार असाल तर नियम आधी वाचून घ्या, काही ठिकाणी संहिता आधी द्यावी लागते. आणि त्या गृहस्थांना सुरुवातीच्या गाऱ्हाण्याला, म्हणजे देवाला घालतात त्या साकड्याला, उभं करा ना! पडदा उघडला की गाऱ्हाणं, वाऱ्या-वावटळीपासून, साप-किरडापासून आमच्या ह्या पोरांची राखण कर रे महाराजा, आणि खालून सगळं गाव ‘व्हय म्हाराजा’. ज्याला आत घेतलं तो बाहेरून दगड मारत नाही.

हे सगळं वाचणाऱ्या आजी-आजोबांसाठी पण दोन शब्द, कारण अशी पत्रं मला तुमच्याकडूनही येतात. नातवंडं पुण्या-मुंबईत नाहीतर परदेशात, व्हिडिओ कॉलवर गोष्ट सांगायची आणि त्यांना ना शेकरू माहिती ना साळ. घाईघाईने त्यांच्या ओळखीचे प्राणी घालत बसू नका. ‘साळ म्हणजे काय आजी?’ असा प्रश्न आला की गोष्ट तिथेच थांबवा आणि मागच्या परड्यातून साळीचा काटा आणून कॅमेऱ्यासमोर धरा, काळा-पांढरा, पेन्सिलीपेक्षा लांब. गोष्ट उद्या पूर्ण झाली तरी चालेल. आणि काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं ही विसरू नका, पावसाने एक घर वाहून गेलं आणि दुसऱ्या दाराशी कुणीतरी ‘दार उघड’ म्हणत उभं आहे, तीन डुकरांची सख्खी बहीणच ती. फक्त तिथे बाहेर भिजणारा खायला आलेला नाही, त्याचं घर गेलंय, आणि चिऊताई बाळाला तीट लावत त्याला ताटकळत ठेवते. लहानपणी मला कावळ्याचं वाईट वाटायचं. तुमच्या नातवंडाला काय वाटतं ते विचारून बघा.

राहता राहिली तुमची टीप. बाई, आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, पट्टे असतील तर पट्टेरी वाघ. तुम्ही संहितेत ‘बिबट्या’ लिहिलंत तरी स्टेजवर गेल्यावर ऐन वेळी मुलांच्या तोंडून ‘वाघ इलो’ हेच येणार, तेव्हा तालमीत ते सुधारत बसू नका. मुखवट्यावर तेवढे पट्टे काढू नका, ठिपके काढा, आणि नुसते गोल ठिपके नकोत, जवळून बघितलं तर बिबट्याचा ठिपका पाकळ्या उमललेल्या फुलासारखा असतो, मध्ये पोकळ. लाल-पिवळा रंग शाळेत असेलच, काळ्यासाठी चुलीतला कोळसा चालेल.